शलाकाचं कोपभवन

अभयचा फोन आला तेव्हा मी सनीव्हेलच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. नंतर करू म्हणून मी तो कापला. आजारी बायकोचा नवरा सकाळी सकाळी फोन करतो तो कशासाठी, हे न कळण्याइतका मी लहान नाही. पण मीटिंग संपेपर्यंत तरी ती आहे, असं काहीतरी मनाने ठरवलं असावं. अभयची बायको, माझी लहानपणापासूनची मैत्रीण शलाका, त्या दिवशी पहाटे ॲन आर्बरच्या हॉस्पिटलात वारली. वर्षभर आजारी होती. "येतोच बघ पुढच्या महिन्यात" असं मी म्हणत राहिलो आणि एकदाच गेलो. ही एक टोचणी. दुसरी फार जुनी आहे, आणि शलाका गेल्यापासून मला जास्त छळते ती तीच.

आम्ही दोघं पुण्यातल्या एकाच क्लबात स्क्वॉश खेळत वाढलो. बंद खोलीत दोघांनी एक रबरी चेंडू समोरच्या भिंतीवर मारत राहायचं, असा हा खेळ. जागा इतकी अपुरी की एकमेकांना धक्का लागणारच, आणि धक्का लागला की वाद होणारच. कॉलेजनंतर दोघंही अमेरिकेत आलो आणि काही वर्षं या खेळावरच पोट भरलं. लहान लहान गावांतल्या स्पर्धा, कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून उतरायचं, आणि गाडीत शलाकाने केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या. गाडी तीच चालवायची, कारण हरल्यावर मला धड बोलताही यायचं नाही, तर माझ्या हातात स्टिअरिंग कोण देणार? मी रॅकेट आपटायचो, रेफ्रीला उलट बोलायचो, हात न मिळवता तरातरा निघून जायचो. चांगला पंचविशीचा बाप्या, पण फुरंगटून बसायचो ते लाडू न मिळालेल्या पोरासारखा. आणि गंमत म्हणजे... लोकांना ते आवडायचं. पोरात आग आहे म्हणायचे. शलाकाला राग येत नसे असं नाही. ती टॉवेलात तोंड खुपसून बसायची आणि बाहेर यायची तेव्हा चेहऱ्याला इस्त्री केलेली असायची. मुलींचे सामने मागच्या कोर्टवर, भलत्या वेळी. तिथे बघायला चार माणसं असायची, पण त्या चौघांना ती हसतमुखच लागायची.

लहान स्पर्धांमध्ये एक रीत असते. जो हरतो त्याने पुढच्या सामन्याला रेफ्री म्हणून बसायचं. मिडवेस्टमधल्या एका गावात मी असाच हरलो आणि रॅकेट भिंतीवर अशी आपटली की तिचे दोन तुकडे झाले. रेफ्रीच्या खुर्चीत क्लबचे एक वयस्क सभासद होते. ते नुसते हसले, माझ्या पाठीवर थाप मारून खुर्ची मला देऊन गेले. पुढचा सामना शलाकाचा होता. तो सामना जिंकली असती तर ती मुख्य स्पर्धेत गेली असती, आणि खेळाडू म्हणून व्हिसा वाढवायला तिला तेवढाच आधार होता. हे तिने मला येताना गाडीतच सांगितलं होतं.

सामना पाचव्या गेमपर्यंत गेला. समोरचीला जिंकायला दोन गुण हवे होते. ती आडवी आली, शलाकाला चेंडूपर्यंत पोचता आलं नाही, तिने गुण पुन्हा खेळायला मागितला. मी नाही म्हटलं. खरं सांगायचं तर मी नीट बघितलंच नव्हतं. माझ्या डोक्यात माझाच सामना चालू होता. शलाकाने चेंडू छतावर हाणला आणि वर माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "डोळे फुटले का तुझे?"

मी कंडक्ट स्ट्रोक दिला. म्हणजे वागणुकीबद्दल दंड, समोरचीला फुकटचा गुण. सामना संपला. एक गुण माझ्या चुकीने गेला आणि दुसरा माझ्या नियमाने. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून दंड दिला, अशी मी पुढे कित्येक वर्षं स्वतःची समजूत घालत आलो. पण त्या क्षणी मनात आलं होतं ते दुसरंच... मुलीच्या जातीला हे शोभत नाही. मोडक्या रॅकेटचे तुकडे तेव्हा माझ्या खुर्चीखाली पडले होते. संध्याकाळी स्पर्धेला आलेल्या रॅकेट कंपनीच्या लोकांनी मला नवी रॅकेट भेट दिली. शलाकाबद्दल मात्र जेवणाच्या टेबलावर एकच शब्द फिरत होता, ॲटिट्यूड. परतताना गाडी तिनेच चालवली आणि पुऱ्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. मी त्या खाल्ल्या.

तिचा व्हिसा वाढला नाही. ती पुण्याला परतली, पुढे अभयशी लग्न करून ॲन आर्बरला आली आणि तिथल्या क्लबात मुलांना शिकवू लागली. स्वतः मात्र पुन्हा स्पर्धेत उतरली नाही. मी त्यानंतरही खेळलो, मग कंटाळून सॉफ्टवेअरकडे वळलो. आमची मैत्री टिकली, ती तिने टिकवली म्हणून.

तिला शेवटचं भेटलो ते फेब्रुवारीत. बाहेर बर्फ साचला होता, आणि ती दोन शाली पांघरून सोफ्यावर बसली होती. मी घसा खाकरून त्या सामन्याचा विषय काढला. तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "नियमाने तू बरोबर होतास रे. फक्त तुझ्या वेळी तो नियम कुठे चहा प्यायला गेला होता, एवढंच मला विचारायचं होतं." म्हणाली आणि हसली. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यात माफी मागायची राहूनच गेली. मग तिने क्लबातल्या बाकड्याचा फोटो दाखवला. कोर्टबाहेरच्या त्या लाकडी बाकड्यावर तिने स्वतः रंगवून लिहिलं होतं, 'कोपभवन'. मुलगा असो की मुलगी, राग आला की तिथे जाऊन बसायचं, पाण्याची बाटली संपेपर्यंत रागवायचं आणि मग उठून खेळायचं. "जुन्या गोष्टींत राण्यांना रागवायला अख्खी खोली असायची," ती म्हणाली. "आपल्याला बाकडं तरी नको का?"

ती गेल्यावर महिन्याभराने क्लबाने तिच्या आठवणीसाठी एका दिवसाची स्पर्धा ठेवली. मी गेलो, खेळलोही. माझ्या सामन्याला रेफ्री म्हणून अन्वी बसली होती. शलाकाची विद्यार्थिनी, असेल बारा-तेरा वर्षांची. आधीचा सामना हरून आली होती, डोळे अजून लाल होते. दुसऱ्या गेममध्ये तिने माझ्या विरुद्ध निर्णय दिला आणि मी रॅकेट भिंतीवर आपटली. कशी आपटली मलाच कळलं नाही. इतकी वर्षं गेली, शलाका गेली, केस पिकले, पण खोड गेली नाही. मागून कुणीतरी हसून म्हणालं, "पॅशन, यार." शब्द नवा, थाप जुनीच. मीही सवयीने हसणार होतो.

अन्वी हसली नाही. आवाज न चढवता म्हणाली, "कंडक्ट स्ट्रोक, मिलिंदकाका." आणि बाहेरच्या बाकड्याकडे बोट दाखवत, "कोप, प्लीज."

मी बाहेर आलो आणि बाकड्यावर बसलो. एका टोकाचा रंग घासून गेला होता. शलाका तिथे बसून बुटांच्या नाड्या बांधायची, असं अभय म्हणाला. मी दुसऱ्या टोकाला सरकलो. त्या गावात रेफ्रीच्या खुर्चीतून जे मला कुणीतरी म्हणायला हवं होतं, ते शलाकाने एका मुलीला शिकवून ठेवलं होतं. मला लाज वाटली, फार वाटली, आणि बरंही वाटलं. बाटली उघडून मी एक एक घोट घेऊ लागलो. थोड्या वेळाने अन्वीने हाक मारली, "टाइम, काका." राग केव्हाच ओसरला होता, पण बाटलीत अजून पाणी होतं, आणि शलाकाच्या शेजारून उठावं लागेल म्हणून मला ते संपवायचं नव्हतं.