भर दुपारचा चोर

मनकर्णा भंडारदऱ्याकडच्या डोंगरातली. लग्न होऊन ती देवळाली प्रवराला आली तेव्हा बागायतीचं गाव मिळालं म्हणून माहेरची माणसं खूश होती. नवऱ्याचं नाव श्रीमंत; तो साखर कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. गावात हसतमुख, कुणाच्याही अडीनडीला धावणारा. घरी आला की मात्र त्याचे हात शिवशिवायचे. भाकरी करपली की मार. नाही करपली, तर आज एवढं काय विशेष म्हणून मार. एकदा त्यानं तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा तिला दिवस गेलेले असताना पोटात लाथ घातली आणि ते मूल गेलं. नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं तर दाद कुणाकडे मागायची, असं सासू म्हणायची. ही म्हण ज्यानं पहिल्यांदा काढली त्याच्या पाठीत कुणीतरी फुकणी घालायला हवी होती.

यंदाच्या हंगामात एका शनिवारी भर दुपारी त्यानं तिचा डावा हात पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. ती खाली पडली तरी तो थांबेना. तिच्या गळ्यावर गुडघा रोवून बसला. तेरा वर्षांची लेक दिशा शाळा सुटून घरात शिरली ती नेमकी तेव्हा. तिनं दप्तर टाकलं, खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला आणि बापाच्या डोक्यात घातला. तो वळला तसा दुसरा घातला. रक्त तिच्या गणवेशावर उडालं आणि श्रीमंत आडवा झाला.

दवाखान्यात श्रीमंतच्या डोक्याला टाके आणि तिच्या हाताला प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मनकर्णाच घाईघाईनं बोलली, "चोर आला हुता. त्यानंच मारलं आमाला. पोरीनं बत्ता घिऊन त्याला हाकलला."

भर दुपारी, भरल्या आळीत चोर आला, आणि नेलं काय, तर काहीच नाही. पण कुणी खोलात गेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनकर्णाला वाटलं.

गावानं तर ही मूठ डोक्यावरच घेतली. तिथलं तरुण मंडळ दरवर्षी संकटाला तोंड देणाऱ्या मुलांचा सत्कार करतं. यंदा पहिलं नाव दिशाचं. मंडळाचे भागवत सर घरी येऊन सांगून गेले, की लेकराला फेटा बापानंच बांधायचा, तशी आमची पद्धत आहे.

"मी नाय जानार," दिशा म्हणाली.

सर गल्लीच्या बाहेर पडले तसं श्रीमंतनं तिचे केस धरून तिला भिंतीवर दाबलं. "जायचं. आन् स्टेजवर वाकडं बोललीस, तर घरी आल्यावर दोनी हात मोडीन तुजे."

मनकर्णा प्लास्टरमधला हात सांभाळत नुसती बघत राहिली. हा माणूस बोलतो ते करतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या क्षणी तिला स्वतःचीच किळस आली.

कार्यक्रमाला सगळं गाव लोटलं. श्रीमंतनं लेकीला फेटा बांधला, टाळ्या पडल्या. भागवत सरांनी कौतुकानं माईक तिच्यापुढे धरला. "सांग बाळ, कसा होता चोर?"

दिशानं समोर बसलेल्या आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली.

"चोर नव्हताच," दिशा म्हणाली. "पप्पा आईचा जीव घेत होते. मी पप्पांना मारलं."

श्रीमंतनं आधी हसून बघितलं. मग सगळ्यांदेखत तिच्या कानशिलात अशी ठेवून दिली की ती टेबलावर कोसळली. ओठ फुटून रक्ताची धार लागली. पुढच्या रांगेतली मोठी माणसं उठली, आणि उठून त्यांनी काय केलं? एकमेकांची तोंडं बघितली. भागवत सर चाचरत म्हणाले, "घरातली बाब आहे, घरात मिटवा. वहिनी, पोरीला घरी न्या."

मनकर्णा स्टेजवर चढली. श्रीमंतचा हात पुन्हा वर गेला होता. ती मधे घुसली आणि तो दणका तिच्या प्लास्टरवर बसला. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण पाय हलले नाहीत. उजव्या हातानं तिनं सरांकडचा माईक ओढून घेतला.

"घरी कशी नेऊ, सर? ह्यो तितंच येनार हाय. चोराची गोष्ट मी रचली हुती, पोरीनं न्हाई. तवा आदी पोलिसांना बोलवा. न्हाईतर आज जसे जमलाय, तसेच उद्या तिच्या मयताला जमाल."

कुणीतरी माईकची वायर काढली, आणखी कुणीतरी पोलिसांना फोन लावला. पोलिसांची गाडी येईपर्यंत ती तो मुका माईक हातात धरून लेकीपुढे उभी राहिली.