बूबूचं पानदान

दसरा झाला, मेंढरांची कातरणी आटपली, की सूर्यभान धनगर हैदराबादला अजबखाने बघायला निघायचा. दरसाल! आता तुम्हीच सांगा, दौलताबादच्या किल्ल्याखालच्या वाडीत जन्म गेलेला माणूस. कुठून कुठून लोक तो किल्ला बघायला येतात, आणि ह्या गड्यानं त्याच्या उतारावर मेंढरं चारली, पण दरवाजाच्या आत कधी पाऊल टाकलं नाही. जुन्या वस्तूंचं एवढंच वेड होतं तर दाराशी काय कमी होतं? पण नाही. फडक्यात भाकरी न् ठेचा बांधून, काचीगुड्याच्या गाडीत दाराजवळ उकिडवा बसून, हा चालला राजधानीला. आपली राजधानी मुंबईला जाऊन जमाना झाला होता, सूर्यभानची मात्र हैदराबादच राहिली होती.

गावानं चेष्टा करायची तेवढी केली. चहावाला कडूबा तर तो परत यायची वाटच बघत असायचा. "काय सूर्यभान, औंदा नवाबाच्या पलंगावर झोपून आला का नाय?" त्याची बायको सखूबाई वेगळीच करवादायची. "भांडीच बघायची तर घरातली बघा की. घासायची पडलीत." सूर्यभान ह्या कानानं ऐकायचा, त्या कानानं सोडून द्यायचा.

खरं कारण त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्याला एक पितळी पानदान हुडकायचं होतं. सापडलं की ते ज्या बाईचं होतं तिला शोधायचं, तिच्या हातात ठेवायचं आणि तिला एक गोष्ट सांगायची. ती गोष्ट वर्षानुवर्षं त्याच्या घशात अडकून होती.

झालं होतं असं. अठ्ठेचाळीस साली निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा सूर्यभान अठरा वर्षांचा होता. वाडीत मुसलमानाचं घर एकच, जुलेखाबीचं. नवरा करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकातीवर, साधा शिपाई. सूर्यभानची आई तो लहान असतानाच गेली. त्याला गोवर आला तेव्हा ह्या जुलेखाबीनं सात दिवस मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. तो तिला बूबू म्हणायचा. बूबू म्हणजे मोठी बहीण. पुढं तो तिच्याकडं रोज शेळीचं दूध घालायला लागला. तो दूध मोजून घालेपर्यंत ती दारात पानदान उघडून बसायची आणि अडकित्त्यानं सुपारी कातरायची. कट्, कट्, कट्. तो आवाज म्हणजे सूर्यभानची सकाळ.

मग निजाम शरण गेला, रझाकार पळाले, आणि वड्याचं तेल वांग्यावर निघालं. ज्यांनी जुलूम केला ते पसार, आणि राग निघाला गोरगरिबांवर. जुलेखाबीचा नवरा नाक्यावर गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांची बैलगाडी आली. तान्ह्या मुलीला छातीशी धरून ती निघाली, तेवढ्यात सूर्यभान दूध घेऊन आला. तिनं पानदान त्याच्या हातात दिलं.

"सूर्या, मेरे माँ की निशानी है रे. अमानत समझ के रख. मैं आती."

"बिरोबाची आन, बूबू. जीव गेला तरी कुणाला देणार नाय," तो म्हणाला.

त्यानं ते मेंढवाड्यातल्या लेंड्यांच्या ढिगात पुरलं. दुपारी तिचं घर लुटलं गेलं, पार दाराच्या चौकटीपर्यंत. कुणी लुटलं? गावच्याच माणसांनी, दुसऱ्या कुणी?

पंधरा दिवसांनी गावात लष्कराची माणसं आली, दवंडी पिटली: लुटीचा माल चावडीवर आणून टाका, कुणाला काही होणार नाही, घरात सापडला तर बेड्या. सूर्यभानच्या बापाला, सोनाजीला, पुरलेलं पानदान ठाऊक होतं. "भाड्या, घर बुडवशील. नेऊन टाक जा." सूर्यभाननं पानदान उकरून काढलं, तर वरून मेंढरं नाचून नाचून झाकणाचा एक कोपरा आत चेमटला होता. ते घेऊन तो चावडीवरच्या रांगेत उभा राहिला. पुढं लुटणारे, मागंही लुटणारेच. कारकुनानं विचारलं, "कुठून आणलं?" आता सांगायचं काय? बूबूनं विश्वासानं ठेवायला दिलं, असं त्या रांगेत बोलायचं? सगळ्यांच्या नजरा पाठीत रुतल्यासारख्या झाल्या आणि हा बोलून गेला, "लुटीत उचललं." कारकुनानं लिहून घेतलं, अंगठा उठवला. खेळ खलास.

आणि भाऊबीजेच्या दिवशी बूबू आली.

सूर्यभान अंगणात पाटावर बसला होता, त्याची बहीण सरू त्याला ओवाळत होती. जुलेखाबी फाटकाशी उभी राहिली. अंग निम्मं झालं होतं, काखेत कापडी पिशवी घट्ट धरलेली. ओवाळणं होईपर्यंत ती तिथंच थांबली. मग हळूच म्हणाली, "सूर्या, मेरी अमानत?"

सोनाजी दारातून बघत होता. शेजारची माणसं बघत होती. कपाळावर ओलं कुंकू घेऊन सूर्यभान म्हणाला, "कसली अमानत? तुम्ही मला काय दिलंच नाय."

तिनं काखेतली पिशवी आणखी आवळून धरली. "हौ बेटा," म्हणाली. "मैंच भूल गई हूँगी." आणि गेली. हैदराबादला तिची कुणी बहीण होती, तिकडं गेली, एवढंच नंतर कानावर आलं.

त्या हिवाळ्यात त्याला आवाज ऐकू यायला लागला. भर दुपारी, कळप सावलीला बसला की, पाठीमागून. कट्, कट्, कट्. वळून बघावं तर कुणी नाही. लग्न झालं, पोरं झाली, आवाज काही जाईना. सखूबाई जेवायला वाढायची आणि हा घास हातात धरून कान टवकारायचा. भगताकडं नेलं, खुलताबादच्या दर्ग्यात नेलं. भगत म्हणाला, "कुणाची तरी वस्तू हाय तुझ्याकडं." सूर्यभान म्हणाला, "कुणाचीच नाय." आता ह्याला काय म्हणावं? देवाच्या दारातसुद्धा तेच खोटं!

शेवटी एकदा त्यानं औरंगाबादच्या कचेरीत जाऊन विचारलं, ॲक्शनच्या वेळचा तो माल गेला कुठं? कारकून वैतागलेला होता. म्हणाला, "इतकी जुनी भांडी? हैदराबादच्या अजबखान्यात मांडली असतील, जा बघून ये." त्यानं आपला टोमणा मारला, आणि ह्या बाबानं त्याच दसऱ्यानंतर तिकीट काढलं.

तेव्हापासून ह्या वाऱ्या. तिथल्या एका मोठ्या अजबखान्यात एक घड्याळ होतं. तास झाला की त्यातून एक बाहुला बाहेर येऊन घंटा वाजवायचा, ते बघायला झाडून सगळे लोक धावायचे. सूर्यभाननं ते घड्याळ कधी बघितलं नाही. सगळे तिकडं पळाले की भांड्यांचं दालन मोकळं होतं, हे त्याला तिसऱ्या वर्षीच उमगलं होतं. काचेला नाक लावून तो एकेक पानदान बघायचा. चांदीची, बिदरी कामाची, सगळी नवाबांच्या घरची. पितळेचं, चेमटलेलं, शिपायाच्या बायकोचं पानदान कोण कशाला मांडील? हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण घरी बसलं की तो आवाज यायचा, आणि हिंडत राहिलं की जरा कमी यायचा.

चौऱ्याऐंशी साली गाडीत बद्रीनाथ गुरुजी भेटले. गावच्या शाळेतून निवृत्त झालेले, निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. लेक हैदराबादला नोकरीला, त्याच्याकडं निघाले होते. म्हणाले, "सूर्यभान, जुन्या शहरात एका हवेलीत नवीन अजबखाना झालाय म्हणे. राजेरजवाड्यांचा नाही, साध्या माणसांच्या घरातल्या वस्तू मांडल्यात. येतोस का?" सूर्यभाननं लगेच मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दोघं तिथं गेले. चक्की, पाळणा, शिवणाचं मशीन, आणि चौथ्या काचेत पानदान. झाकण उघडं ठेवलेलं. कोपरा आत चेमटलेला.

सूर्यभान जागच्या जागी बसला. गुरुजी घाबरले. "अरे, चक्कर आली का?"

"गुरुजी, शेजारी कागद हाय त्यो वाचा. काय लिवलंय?"

काचेत पानदानाशेजारी एक पिवळा पडलेला उर्दू कागद ठेवला होता, आणि खाली पाटी. गुरुजींनी आधी पाटी वाचली: जुलेखाबी यांच्या मुलीनं आईच्या पश्चात दिलेली वस्तू.

"पश्चात म्हंजी?"

"म्हणजे ती बाई वारली, सूर्यभान."

गुरुजी कागदावर वाकले आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला. "चावडीची पावती आहे. जमा करणार सूर्यभान वल्द सोनाजी, धनगर. जबाब, लुटीत उचललं. अरे... हा तूच की काय? खाली लिहिलंय, मालकिणीनं औरंगाबादच्या कचेरीत ओळख पटवून माल परत नेला. तारीख चोवीस ऑक्टोबर, अठ्ठेचाळीस."

"चोवीस ऑक्टोबर म्हंजी कधी? दिवाळीच्या आदी का मागनं?"

गुरुजींनी बोटं मोजली. "त्या साली दिवाळी नोव्हेंबरात होती. आधीच. आठ-दहा दिवस आधी."

"बरुबर बघा, गुरुजी."

"आधीच, सूर्यभान."

सूर्यभाननं काचेला दोन्ही हात टेकले. चोपन्न वर्षांचा बाप्या, लेकरागत हुंदके देऊन रडायला लागला. गुरुजींनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यानं भाऊबीजेची सगळी हकिकत सांगितली, पाट, कुंकू, पिशवी, सगळी.

"पानदान तर तिला कवाच घावलं व्हतं, गुरुजी. त्या दिशी तिच्या काखेतल्या पिशवीत तेच व्हतं. ती पानदान मागाया आलीच नव्हती. भाऊ घावतोय का, ते बघाया आली व्हती."

पहारेकरी जवळ आला, "चाचा, काच को हात नक्को लगाओ," म्हणाला. सूर्यभाननं हात काढले, डोळे पुसले आणि पानदानाकडं बघून मोठ्यानं बोलला, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं.

"व्हय बूबू. दिलं व्हतंस. माझ्याच हातात दिलं व्हतंस."

पुढच्या साली दसरा झाला, कातरणी आटपली, आणि सूर्यभान पुन्हा फडक्यात भाकरी बांधायला लागला. आता सखूबाईला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "अवं, घावलं की तुमचं पानदान. बाई पण गेली बिचारी. आता कशापायी जायाचं?"

"आवाज अजून येतोय," सूर्यभान म्हणाला. "बूबू इचारती, सखू, मेरी अमानत? घरात बसून कसं उत्तर देऊ?"

सखूबाईनं फडक्याची गाठ सोडली, आत आणखी दोन भाकरी घातल्या, आणि स्वतःचं लुगडं पिशवीत भरायला घेतलं.