दोन्ही कानांमागे

प्रमोदिनीताईंना गाडी लागते. त्यात लपवण्यासारखं काय आहे? कार्डिफच्या शाळेत त्यांनी गणित शिकवलं, नवरा गेल्यावर घर एकटीने सांभाळलं. मुलाच्या गाडीत बसल्या की वाटेत उतरून जरा वारा खावा लागतो, एवढंच. पण विनयला तेवढं थांबणंही जिवावर येतं. नातवाच्या वाढदिवसाला लंडनला, ईलिंगच्या आपल्या घरी न्यायला आला, तेव्हा आईला न विचारता त्याने तिच्या कानामागे गाडी न लागण्याच्या औषधाचा पॅच चिकटवला. आता कुठे थांबायला नको, स्ट्रेट जाऊ, म्हणाला.

तिथे त्यांच्या घशाला कोरड पडली. मग शब्द सापडेनात. नातवाला माधव म्हणाल्या, म्हणजे गेलेल्या नवऱ्याच्या नावाने हाक मारली. आणि परत निघताना सुनेने, शिल्पाने, दुसऱ्या कानामागे आणखी एक पॅच लावला. पहिला केसांखाली होता. तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नाही. त्या घरात विचारायची पद्धतच नाही.

मी त्यांची शेजारीण. गाडी दिसली म्हणून गेले, तर विनय आणि शिल्पा त्यांच्या बॅगा भरत होते.

"मीनलमावशी, आईला डिमेन्शिया झालाय. ती एकटी सेफ नाही. आमच्याकडे नेतोय, हाऊस सेलला टाकतोय."

"डॉक्टर म्हणाले?"

"अपॉइंटमेंट नेक्स्ट वीकला आहे. पण ऑब्व्हियस आहे ना!"

माझं डोकंच फिरलं. घराची किल्ली त्याच्या खिशात गेलीसुद्धा होती. आणि हे सगळं त्यांच्यादेखत चाललेलं, जणू त्या खोलीत नव्हत्याच. सोफ्यावर बसून त्या कार्डिगनवरचे नसलेले धागे वेचत होत्या. "माधव जेवले का गं?" त्यांनी मला विचारलं. मला रडूच आलं.

काही सुचेना, म्हणून खोबरेल घेऊन त्यांच्या डोक्याला लावायला बसले. केस वर घेतले तर कानामागे पॅच. दुसरीकडे बघितलं, तिथेही! नवराबायको एकमेकांकडे बघायला लागले. आता बघून काय उपयोग?

दोन्ही काढले, हात धुतले आणि १११ला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेला, फोन लावला. हॉस्पिटलमध्ये न्या म्हणाले. तिथल्या डॉक्टरणीने सगळं तपासून सांगितलं, की या वयात एका पॅचनेसुद्धा माणूस भ्रमिष्टासारखं वागू शकतं, इथे तर दोन होते. औषध उतरलं की ठीक होतील.

झाल्याही. दोन दिवसांनी टेबलाशी बसून चहा पीत होत्या, आवाज पूर्वीसारखा खणखणीत. आता तरी विनयने गप्प बसावं की नाही? पण नाही.

"सॉरी आई. रिअली सॉरी. पण एनीवे, घराचं आता ठरवलंच आहे तर..."

प्रमोदिनीताईंनी कप खाली ठेवला.

"परवा मला काही कळत नव्हतं, तेव्हा तू मला विचारलं नाहीस. आज सगळं कळतंय, तरी विचारत नाहीस. किल्ली ठेव."

त्याने मान खाली घालून किल्ली टेबलावर ठेवली. बाईंनी ती उचलली आणि त्याच्यासमोरच माझ्या हातात दिली.

"ही जास्तीची आहे, मीनल. तुझ्याकडे राहू दे. तू दार वाजवून येतेस."