होल्ड लावलेला नंबर वन अल्बम

"लाइन कोणी थांबवली?" जीलने दारातूनच विचारलं. जील म्हणजे आमचा प्रॉडक्शन मॅनेजर.

"मी," मी म्हणाले. "माल डिफेक्टिव्ह आहे."

कॅनडातल्या लव्हालमध्ये, सीडीच्या प्लँटमध्ये मी क्वालिटी कंट्रोलला होते. आयपॉड आले होते, पण लोक अजून सीडी विकत घेत होते. प्रत्येक मालाची पहिली सीडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची आणि खोट सापडली तर 'होल्ड' लावायचा, हे माझं काम. होल्ड लागला की मशीन बंद.

माल होता ह्यूस्टनकडच्या एका रॅपरचा. कित्येक वर्षं हा माणूस गाडीच्या डिकीतून सीडी विकायचा, अमेरिकेच्या दक्षिणेबाहेर त्याला कुणी विचारत नव्हतं. आता त्याचं एक गाणं आमच्या बस ड्रायव्हरच्या रेडिओवरसुद्धा वाजत होतं. पहिल्याच आठवड्यात कॅनडाच्या चार्टवर नंबर वन मिळवायचा, असा लेबलचा, म्हणजे त्याच्या रेकॉर्ड कंपनीचा हट्ट. चार्ट ठरतो दुकानातल्या विक्रीवर, आणि नवे अल्बम तेव्हा मंगळवारी निघायचे. म्हणजे मंगळवारी माल दुकानात हवाच.

तोच अल्बम मी आधीच्या आठवड्यात पास केला होता. या वेळी कव्हर तेच, कॅटलॉग नंबर वेगळा. सीडी लावली आणि माझे कान टवकारले. काळी चारच्या पट्टीतलं गाणं पांढरी तीनवर घसरलेलं. आवाज घोगरा, चाल रेंगाळलेली, वर एकेक ओळ अडकून दोनदा वाजतेय. मास्टर, म्हणजे ज्यावरून सगळ्या सीडी निघतात ती मूळ प्रत, चुकीच्या वेगाने कॉपी झाला की असंच होतं. मी तेव्हा पन्नाशीची, गाण्याच्या परीक्षा दिलेली, म्हणजे स्वतःच्या मते सर्वज्ञ. होल्डचा स्टिकर मी असा काही चिकटवला, जणू सुवर्णपदकच लावतेय.

जीलने स्पीकरवर टेक्सासला, लेबलच्या ऑफिसात फोन लावला. "तुमचा मास्टर खराब आहे."

पलीकडचा माणूस हसला. "खराब नाही, ते चॉप्ड अँड स्क्रूड आहे. आमच्याकडे गाणं मुद्दाम हळू करतात, ओळी कापून पुन्हा लावतात. ह्यूस्टनमध्ये लोक साध्या सीडीच्या आधी हीच घेतात."

माझं सुवर्णपदक गळून पडलं. तेवढ्यावर भागलं असतं, पण जील म्हणाला, "सॉरी, आमच्या मादाम इंडियातून आल्यात. त्यांना हे म्युझिक कळत नाही."

माझ्यासमोर उभा राहून म्हणाला. माझं डोकंच फिरलं.

"हे ऑर्डरवर लिहिलं होतं का?" मी फोनलाच विचारलं.

"मोठ्या अक्षरांत, मॅम. मुद्दाम हळू आहे, खोट समजू नये."

माझ्याकडे आलेल्या कागदावर नुसता नंबर होता. मी जीलकडे वळले. "मला का नाही सांगितलंत?"

"कशाला सांगायचं? अख्खी सीडी ऐकतं कोण, मादाम? टिक करायची आणि पुढे जायचं."

स्पीकर चालूच होता. पलीकडचं हसू थांबलं. "म्हणजे आमच्या आधीच्या सीडी कुणी ऐकल्याच नाहीत?"

"माझ्या शिफ्टच्या मी ऐकल्या," मी म्हणाले. "बाकीच्यांचं यांना विचारा."

जील खिडकीतून पार्किंग लॉट बघायला लागला.

लाइन सुरू झाली, ट्रक वेळेवर गेला. अल्बम खरोखर नंबर वन झाला आणि जीलने केक कापला. मी इतकी चिडले होते, की दोन तुकडे खाल्ले. लेबलने पुढची ऑर्डर मात्र दुसऱ्या प्लँटला दिली. विंटर लागताना काम कमी झालं म्हणून ले-ऑफ निघाले. यादीत पहिलं नाव माझं. जीलची खुर्ची जागच्या जागी.

तेव्हा क्वालिटी कंट्रोलची नोकरी धरताना पगाराच्या आधी एक विचारून घ्यावं: चुका पकडायच्या, त्या कुणाकुणाच्या सोडून?