एन.जी. म्हणजे काय, हे आधी विचारा!

माझं लग्न दोन इंग्रजी अक्षरांपायी मोडता मोडता राहिलं, आणि त्यात माझी काडीची चूक नव्हती!

लढाईचे दिवस होते. जबलपुरात पूर्ण शब्द बोलायला कुणाला सवडच नव्हती. रजा म्हणजे सी.एल., जादा काम म्हणजे ओ.टी. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. छोट्या गाडीनं नैनपूरकडे जाणाऱ्या प्रत्येक टोपलीवर मी निळ्या पेन्सिलीनं चिठ्ठी लावायचो, 'एन.जी.' नॅरो गेज! यात वावगं काय आहे, सांगा.

खमरियाच्या शालूला मी पाहून आलो होतो आणि ती मला भयंकर आवडली होती. (तिच्या चहात साखर नव्हती, तरी!) तिचा फोटो नैनपूरला आईकडे पाठवायचा होता. लिफाफा मिळेना, म्हणून सवयीनं फोटोच्याच पाठीवर 'एन.जी.' लिहिलं, राइट टाउनच्या घरी फळीवर ठेवला आणि कामावर गेलो.

दुपारी शालूचे वडील वामनराव आमचं उत्तर विचारायला घरी आले. माझ्या आत्यानं फोटोच त्यांच्या हातात दिला.

"पोरानं मागं इंग्रजीत काही लिहून ठेवलंय. पसंतच असन!"

वामनराव दारूगोळ्याच्या कारखान्यात माल तपासायचे. तिथं 'एन.जी.' म्हणजे नॉट गुड! हे ज्यावर लिहितात ते भंगारात जातं.

अर्ध्या तासात ते माझ्या टेबलासमोर हजर.

"काहून हो, माझी पोरगी रिजेक्ट माल वाटली काय तुम्हाले?"

"अहो, एन.जी. म्हणजे नॅरो..." मी घाबरून अर्धंच बोललो.

"अच्छा! बारीक म्हणून राहिले तिला?"

"ती नाही हो बारीक!"

"मंग काय जाडी आहे?"

"भैया, शादी पक्की हुई कि नहीं?" दारातून हमालानं विचारलं.

असा संताप आला! अक्षरं आमच्या खात्याची, अर्थ यांच्या कारखान्याचा, आणि आरोपी मी! वामनरावांना हाताला धरून फलाटावर नेलं. छोटी गाडी दाखवली, टोपल्यांवरच्या चिठ्ठ्या दाखवल्या. त्यांनी एका टोपलीवरचं फडकं उचलून पाहिलं; आत वांगी!

"म्हणजे माझी शालू या वांग्यांच्या लायनीत," ते म्हणाले. "चलो, सांगून पाहतो तिला."

दुसऱ्या दिवशी शालूनं माझा फोटो मागवला. तिसऱ्या दिवशी परत आला. पाठीवर लाल पेन्सिलीनं ठळक 'एन.जी.' आणि खाली बारीक अक्षरांत, 'पण दुरुस्ती करून चालेल.'

लग्न झालं. केस पिकले. परवा न राहवून विचारलं, "काय गं, झालो का एकदाचा पास?"

"काहीच्या काही!" ती म्हणाली. "इतकी वर्षं तुमच्यावर ओ.टी. करून राहिली न मी!"