रावजींच्या व्हॅनला प्रीमियम

वरच्या वाडीत कुणाचं पोट दुखलं तर बातमी आधी रावजींच्या अंगणात येते, डॉक्टरकडे मागाहून. वाडीतून पोलादपूरला उतरायचं तर एसटी सकाळी एकदा नि संध्याकाळी एकदा. मधल्या वेळेला चाकांची सोय एकच, रावजींची पांढरी व्हॅन.

रावजींनी एकतीस वर्षं एसटीच चालवली. महाड-पोलादपूर, पोलादपूर-महाड. झोपेतही त्यांचा डावा पाय क्लच दाबतो, असं गोदूबाईंनी नळावर चार बायकांत सांगितलंय. बायकोच सांगतेय म्हटल्यावर खरं धरायला हरकत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी व्हॅन घेतली ती केवळ हौसेनं. महिन्यातून एकदा गोदूबाईंना शेजारी बसवायचं, महाडला जायचं, बाजार करायचा, गरम भजी खायची नि परत यायचं. त्या सीटवर गोदूबाई मोजून दोनदा बसल्या. पुढे तिथं कुणाचा गुडघा बसला, कुणाचा गॅसचा सिलिंडर, कुणाची दिवस भरलेली सून. एकदा तर बकरी बसली होती, आणि तिनं काचेतून बाहेर बघत अगदी मालकिणीसारखा प्रवास केला.

रावजींना नकार देता येत नाही. सकाळी सहाला कुणी दारात उभं राहिलं की नको म्हणायला तोंड उघडतात आणि आतून बाहेर पडतं, "किती वाजता निघायचं?"

शिमगा झाला आणि व्हॅनला ठोका लागला. वाडीखालच्या उभ्या चढाला इंजिन टकटक करायचं, सगळं धूड थरथरायचं, आत बसलेल्यांचे दात वाजायचे. रावजी स्टिअरिंग थोपटून म्हणायचे, "हिचा दम गेलाय. आता हिच्यानं होत नाय." त्या आठवड्यात वाडीतल्या दोघांनी आपणहून फेरी रद्द केली. रावजी दोन दुपारी सलग झोपले. असं सुख त्यांना वर्षानुवर्षं मिळालं नव्हतं.

यातलं खरं काय ते फक्त पोलादपूरच्या महिपत मेस्त्रीला कळलं. त्यानं रावजींना चालवायला लावून स्वतः शेजारी बसून एक फेरी मारली, आणि उतरला तो हसतच.

"रावजीभाऊ, एकतीस वर्षं यष्टी चालवलीत ना? मग चढावर तिसरा गिअर धरून कशाला बसता? दुसऱ्यात टाका, ठोका बंद."

"ठाऊक हाय."

"मग?"

रावजींनी चहाचा कप खाली ठेवला. "कुणाला बोलू नको."

महिपतनं त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली आणि हसणं आवरलं.

मे महिन्यात पुतण्या विनीत रजेवर आला. हा वाडीच्या मुंबई मंडळाचा चिटणीस. कुठलीही गोष्ट बिघडलेली दिसली की याला राहवत नाही.

"काका, तुम्ही साधं पेट्रोल भरता ना? तिथेच लोचा आहे. प्रीमियम मारा. आमच्या ऑफिसात सगळे तेच मारतात. नॉकिंगवर एकदम बेस्ट."

"गाडीच्या पुस्तकात साधंच लिहिलंय रे."

"पुस्तक लिहिलं तेव्हा गाडी तरुण होती. आता वय झालं तिचं, खुराक नको?"

त्याच रात्री मंडळाच्या ग्रुपवर ठराव झाला. व्हॅनच्या अंगात ताकद येईपर्यंत प्रीमियम मंडळातर्फे. सकाळी सगळी वाडी अभिनंदनाला आली. सत्तरीच्या बयाबाई गोदूबाईंना म्हणाल्या, "बाळंतिणीला तूप घालतात तसं घाला गो तिला भारीतलं. मग बघ कशी धावते ती!"

रावजी ओट्यावर बसून ऐकत होते. ती धावायला लागली, तर आपली सुटका आता तिरडीवरच, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. गोदूबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "लोक चांगलं करतायत, नि तुमचं तोंड असं का?"

"काय नाय."

पुढच्याच सोमवारी बयाबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महाडहून आणायचं होतं. पुढे रावजी नि विनीत, मागे डोळ्यावर हिरवी पट्टी लावलेल्या बयाबाई आणि त्यांचा हात धरून गोदूबाई. पोलादपूरच्या पंपावर गाडी लागली.

"साधं की प्रीमियम?" पंपावरच्या माणसानं विचारलं.

"साधं," रावजींच्या तोंडून सवयीनं गेलं.

"प्रीमियम! टाकी फुल!" विनीत जवळजवळ खिडकीतून बाहेर आला.

त्या माणसानं व्हॅनकडे पाहिलं, गुळगुळीत टायरांकडे पाहिलं. "नक्की ना?"

"नक्की," विनीत म्हणाला. रावजी समोर काचेवर मेलेला एक किडा बघत बसले.

चढ आला. रावजींनी तिसरा गिअर सोडला नाही. टक. टकटक. टकटकटक. विनीतचा चेहरा उतरला. "पाइपात अजून जुनं पेट्रोल असेल," तो पुटपुटला. व्हॅन आचके द्यायला लागली. रावजींनी दात आवळून धरले. आणखी शंभर पावलं ही अशीच रखडली, की प्रीमियमही हरलं म्हणून विषय संपला.

"थांबव रे रावज्या!" मागून बयाबाई ओरडल्या. "तिला जीव नाय काय? किती छळायचं? मी उतरते. माझं वजन तरी कमी होईल तिच्यावरचं."

आणि म्हातारीनं खरंच सरकतं दार ओढलं. रावजींनी गचकन ब्रेक मारला. आरशात बघतात तर एका डोळ्यावर पट्टी, आणि एक पाय रस्त्याकडे लोंबकळतोय. एकतीस वर्षांत चढावर त्यांनी कधी पॅसेंजर पायी उतरवला नव्हता.

"आत्ये, पाय आत घे."

"नको, बिचारीला…"

"आत घे म्हणतो ना!"

दार लागलं. रावजींनी पहिला टाकला, मग दुसरा. व्हॅन गुणगुणत, एक ठोका न देता वाडीत येऊन पोचली.

"पाहिलंत? प्रीमियम!" विनीतनं मोबाइलवर सगळं टिपलं होतं. "मंडळाला पाठवतो. काका, आता दिवसाला चार फेऱ्या मारा बिनधास्त!"

रावजींनी अंगणात गाडी उभी केली. हात स्टिअरिंगवरच होते.

"पाठवू नको."

"का?"

"गाडीला काय झालंच नव्हतं. मी तिसऱ्यात धरून ठेवत होतो. मुद्दाम."

विनीतला काही कळेना. "पण कशाला?"

"दमलोय रे."

"मग तसं सांगायचं ना, काका."

"सांगतोय."

मोबाइल विनीतच्या हातातच राहिला. मागून बयाबाईंचा आवाज आला, "मेल्या, मी तिच्यासाठी देवाला नारळ बोलले. तुझ्यासाठी बोलले असते तर?" आणि जरा थांबून, खालच्या आवाजात, "शुक्रवारी डोळा दाखवायला बोलावलंय रे."

"शुक्रवारी नेतो."

"नि शनिवारी माझ्या भाचीला दासगावला…"

रावजींनी तोंड उघडलं. गोदूबाई औषधांची पिशवी हातात घेऊन तशाच थांबल्या.

"शनिवारी नाय, आत्ये."

बयाबाईंनी उघड्या डोळ्यानं आरशात त्यांचा चेहरा निरखून पाहिला.

"बरं," त्या म्हणाल्या. "शनिवारी नाय."

गोदूबाईंनी त्यांना हाताला धरून खाली उतरवलं. रावजींनी इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत. तिथंच डोकं मागे टेकून त्यांनी डोळे मिटले. विनीत उतरला, दार आपटायला हात उचलला, नि मग आवाज होऊ न देता ते नुसतं लोटून घेतलं.