घरात असेल तो कंपायलर

आमच्या साडभाऊंइतका हट्टी माणूस आणि त्यांच्या प्रोग्रामइतका नम्र प्रोग्राम अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही. माझ्या बायकोच्या बहिणीचे हे यजमान; दिग्रसला त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. कोणाकडेही गेले की चपला काढायच्या आधीच ते दारातून ओरडायचे, "घरात काय हाय?" जे तयार असेल तेच खायचे. माझं नवीन लग्न झालेलं असताना ते आले, आणि माझी बायको शिऱ्याची कढई चढवायच्या आत स्वतः स्वयंपाकघरात शिरून सकाळच्या भाकरीवर ठेचा घेऊन बसले. मला इतकं ओशाळं वाटलं की मी दिवसभर त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. अजूनही तो शिरा माझ्या मनाला खातो.

हाच स्वभाव त्यांनी प्रोग्रामला लावला. ते कापसाच्या पडत्या भावाचे दिवस होते. खरेदी केंद्रावरच्या मोजमापाची पावती त्यांच्या प्रोग्रामवर निघायची आणि तो कुठल्याही जातीच्या कॉम्प्युटरवर चालला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो, म्हणजे बांधतो, तो कंपायलर. तो यंत्रागणिक वेगळा असतो, म्हणून नेहमीसाठी कोणता धरायचा ते बांधणीच्या फाइलीत सांगून ठेवावं लागतं. मी यवतमाळच्या कॉलेजात हेच शिकवायचो. म्हटलं, "भाऊ, एकाचंच नाव लिहून टाका ना. आपल्याकडे सगळीकडे विंडोजच तर आहे."

"काहून? लोकाच्या घरी जाऊन मले बासुंदीच पायजे म्हणू का?"

त्यांची फाइल आधी यंत्राच्या मालकानं काही सांगितलंय का ते पाहायची. नसेल तर त्या यंत्रावर रूढ असलेला कंपायलर शोधायची. काहीच सापडलं नाही तर पडद्यावर रोमन अक्षरांत वऱ्हाडी उमटायची : 'कंपायलर दिसून नाही राह्यला जी. तुमच्या घरी कोणता हाय?'

"मशीनला काय जी लावता, भाऊ!"

"लावतो. जीभ झिजते का?"

एकदा केंद्रावरचा कॉम्प्युटर जळाला. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली आणि वर आभाळ दाटलेलं. कापूस भिजला की ग्रेड उतरणार, आणि हातानं लिहिलेली पावती चालत नव्हती. "मशीन नाही तर काटा बंद," ग्रेडरनं सांगून टाकलं. मी कॉलेजातला जुना कॉम्प्युटर जीपमध्ये घालून दुपारी पोचलो. सुरू केला तर त्यात लिनक्स! विंडोजचा मागमूस नाही. साडभाऊंनी माझं ऐकलं असतं तर सगळं तिथंच अडलं असतं.

त्यांनी शांतपणे सीडी घातली. ओळी धावल्या, क्षणभर थांबल्या, पुन्हा धावल्या. प्रिंटर करकरला.

"लावा गाडी काट्यावर!" साडभाऊ दारातून गरजले. मग माझ्याकडे वळले. "पाह्यलं का, मास्तर? घरात होतं ते खाल्लं त्यानं!"

शेवटची गाडी रिकामी झाली आणि मग पाऊस आला. त्या दिवशी जो भेटला त्याला मी सांगत सुटलो, "आमचे साडभाऊ आहेत ते."

आता ते नाहीत. परवा नव्या लॅपटॉपवर त्यांचा प्रोग्राम सहज बांधायला घेतला. त्यातला कंपायलर त्यांच्या हयातीत जन्मलाही नव्हता. फाइलीनं सगळीकडे शोधलं, थांबली आणि ती वऱ्हाडी ओळ उमटली. मी ती मोठ्यानं वाचली. बायको हात पुसत दाराशी आली.

"भाऊजी," एवढंच म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.

मी कंपायलरचं नाव टाइप केलं. पुढे कसं कोण जाणे, 'जी' लागलं. ते पुसायला मला जरा वेळ लागला.